औषध तेच, बुरशी बदललेली: फळबागेतल्या रोगांचा जीनोम वाचताना

(हे पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, पुनरुक्ती काढली आहे. बाकी जसं बोलले तसंच.)

तळेगाव दाभाड्याहून मी बोलतेय, आणि आजचा विषय आहे बुरशी. भाकरीवरची नाही, फळबागेतली.

झालं असं की मागच्या भागानंतर इथल्याच एका पॉलिहाउसवाल्या श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला. मावळातल्या गुलाबांबद्दल तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीच्या आधी इथला गुलाब खोक्यांत भरून परदेशी जातो. तर ते म्हणाले, "ताई, माझ्या गुलाबावर भुरी येते. जुन्नरकडे आमचे पाहुणे आहेत, त्यांच्या द्राक्षावर पण भुरी येते. त्यांच्या बागेत जाऊन आलो तर माझ्या कपड्यांवरून ती इकडे येईल का?"

हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न माझ्या घरचा आहे. माझ्या मामांची नारायणगावच्या पुढे थोडी द्राक्षबाग आहे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला आणि पानांवर डाऊनीचे तेलकट डाग दिसायला लागले. मामांनी दुकानातून औषध आणलं, मारलं. डाग वाढले. दुकानदार म्हणाला, दुसरं घ्या, हे भारी आहे. तेही मारलं. घडांवर पांढरी लव आली. तिसरा डबा आला तेव्हा मामी म्हणाल्या, "अहो, तिन्ही डब्यांवर मागं बारीक अक्षरात एकच काहीतरी लिहिलंय." खरंच होतं. नावं तीन, कंपन्या तीन, आतले घटकही दोन वेगवेगळे, पण सगळे एकाच घराण्यातले. त्या वर्षी निम्मे घड गेले. मामा फोनवर म्हणाले, "आगं, मी औषध मारत होतो का नुसतं पाणी?"

औषध बनावट होतं का? आपल्याकडे पहिला संशय तिथेच जातो. कधी कधी तो खराही असतो. पण आणखी एक शक्यता असते, तिचा विचार आपण क्वचितच करतो. औषध अगदी अस्सल असतं, फवारणी नीट झालेली असते, आणि बुरशीच बदललेली असते. हे डोळ्यांना दिसत नाही. ते कळतं तिचा जीनोम वाचल्यावर.

जीनोम म्हणजे काय, आणि तो वाचतात कसा

कुठल्याही जिवाच्या पेशीत डीएनए असतो, आणि त्यावर चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो: ए, टी, जी, सी. हा सगळा मजकूर म्हणजे जीनोम. माणसाचा साधारण 300 कोटी अक्षरांचा. द्राक्षवेलीचा 50 कोटींच्या आसपास. तो 2007 मध्ये फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी वाचून प्रसिद्ध केला. बुरशांचे त्याहून लहान. बेकरीतल्या यीस्टचा फक्त 1.2 कोटी, तो 1996 मध्ये पूर्ण झाला. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, गुलाब या सगळ्यांवर येणारी करडी बुरशी, बोट्रायटिस, हिचा 4 कोटींच्या थोडा वर.

आता हा मजकूर सरळ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येत नाही. असं समजा की तुमच्याकडे एकाच पंचांगाच्या शंभर प्रती आहेत, आणि कुणीतरी त्या सगळ्या फाडून चिंध्या केल्या. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटली. मग एका तुकड्याचा शेवट दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीशी जुळवत जुळवत अख्खं पंचांग पुन्हा उभं करायचं. मशीन तुकडे वाचतं, संगणक ते जोडतो.

अडचण कुठे येते? अभंगाचं ध्रुपद आठवा. प्रत्येक कडव्यानंतर तेच येतं. तुमच्या हातात फक्त ध्रुपदाचा तुकडा आला तर तो कितव्या कडव्यानंतरचा, हे कसं सांगणार? द्राक्षावरच्या भुरीचा जीनोम असाच ध्रुपदांनी भरलेला आहे. निम्म्याहून जास्त मजकूर पुन्हा पुन्हा येणारा. म्हणून तो जोडायला अवघड गेला. आता नवी मशीनं हजारो अक्षरांचे लांब तुकडे सलग वाचतात, त्यामुळे ध्रुपदासोबत आजूबाजूचं कडवंही हाती येतं आणि काम सोपं होतं.

दुसरी अडचण नमुन्याची. बोट्रायटिस प्रयोगशाळेत बशीमध्ये वाढवता येते. भुरी आणि डाऊनी तशा वाढत नाहीत. त्यांना जिवंत पानच लागतं. म्हणजे आधी वेल वाढवा, त्यावर रोग वाढवा, मग पानावरचे बीजाणू हलक्या हाताने गोळा करा. नाहीतर बुरशीऐवजी द्राक्षाचाच डीएनए वाचला जायचा.

भुरी कपड्यांवरून येईल का?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नाही येणार. म्हणजे बीजाणू कपड्यांवर येतीलही, पण ते गुलाबावर रुजणार नाहीत.

द्राक्षावरची भुरी आणि गुलाबावरची भुरी दिसायला सारखी, पीठ शिंपडल्यासारखी. पण त्या वेगळ्या जाती आहेत. द्राक्षाची एरिसायफी नेकेटर, गुलाबाची पोडोस्फेरा पॅनोसा. 2010 मध्ये सातू या धान्यावरच्या भुरीचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा या भुरी एकाच यजमानाला इतक्या चिकटून का राहतात ते लक्षात आलं. इतर बुरशांकडे असणारी कितीतरी जनुकं तिच्याकडे नव्हतीच. स्वतःचं अन्न बनवण्याची काही साधनं तिने टाकून दिली होती. खाणावळीत कायमचा डबा लावलेल्या माणसाने घरची चूल मोडावी, तसं. पण खाणावळ बंद झाली की तो उपाशी. भुरीचंही तेच: तिची सगळी हत्यारं एका ठरावीक झाडाची पेशी फसवण्यासाठी घडवलेली असतात.

बोट्रायटिसचं उलट आहे. तिचा जीनोम 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पेशीच्या भिंती विरघळवणारी विकरं, विषारी द्रव्यं, सगळी पेटी सोबत घेऊन फिरणारी ही बुरशी. ती झाडाशी जुळवून घेत बसत नाही, पेशी मारते आणि खाते. म्हणून ती गुलाबाच्या पाकळीवर येते, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर येते आणि द्राक्षाच्या घडातही. तेव्हा पॉलिहाउसवाल्या दादांना मी सांगेन की भुरीची काळजी करू नका, पण पाहुण्यांकडून सडके घड किंवा करड्या बुरशीची फळं घरी आणून पॉलिहाउसच्या दारात टाकू नका.

आणि डाऊनी? ती तर बुरशीच नाही. धक्का बसला ना? आपण सवयीने तिला बुरशी म्हणतो, पण वंशावळीत ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जास्त जवळ आहे. तिचे बीजाणू पाण्याच्या थेंबात शेपटी हलवत पोहतात आणि पानाच्या रंध्रातून आत शिरतात. पान ओलं राहिलं की डाऊनी येते ती यामुळे. हे नुसतं नावाचं भांडण नाही. डाऊनीची पेशीची भिंत वेगळी, तिचं रसायन वेगळं, म्हणून बुरशीवर चालणारी कितीतरी औषधं तिच्यावर चालतच नाहीत.

एका अक्षराची गोष्ट

आता मामांच्या प्रश्नाकडे. त्यांच्या तिन्ही डब्यांत जे होतं ते स्ट्रोबिल्युरिन घराण्यातलं औषध. ॲझॉक्सिस्ट्रोबिन वगैरे नावं तुम्ही वाचली असतील. गंमत म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष एका आळंबीत सापडला. पाइनच्या शंकूंवर उगवणारी युरोपातली छोटी आळंबी. इतर बुरशांनी आपल्या शंकूवर येऊ नये म्हणून ती हे द्रव्य सोडते. 1977 मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं, आणि त्याच्या धर्तीवर बनवलेली औषधं 1996 मध्ये बाजारात आली.

औषध काम कसं करतं? पेशीत ऊर्जा बनवणारी एक साखळी असते. त्यातल्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनात एक खाच आहे. औषध त्या खाचेत जाऊन बसतं, ऊर्जा बंद पडते, बुरशी मरते. डाऊनीतही ही खाच आहे, म्हणून हे औषध तिच्यावरही चालायचं.

या प्रथिनात 143 व्या जागी ग्लायसिन नावाचा घटक असतो. सगळ्या अमिनो आम्लांत सर्वांत लहान. जीनोममध्ये त्याचं स्पेलिंग जीजीटी. मधलं एक जी जाऊन तिथे सी आलं, म्हणजे जीसीटी झालं, की ग्लायसिनच्या जागी ॲलानिन येतं. ते किंचित मोठं आहे. तेवढ्यानेच खाचेचं तोंड अडतं, औषध आत बसत नाही. आणि रोगाचं स्वतःचं काम मात्र बिनबोभाट चालू राहतं.

कोट्यवधी अक्षरांत एक अक्षर. तेवढ्यावर मामांचे तीन डबे वाया.

इथे एक गैरसमज दूर करू. औषधामुळे हा बदल होत नाही. लाखो बीजाणूंमध्ये नकलेतल्या चुकीने असा एखादा बदललेला आधीच असतो. आपण फवारतो तेव्हा बाकीचे मरतात आणि तो एकटा उरतो. अनुकूल हवेत डाऊनीची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. त्याच घराण्याचं औषध पुन्हा मारलं की पुन्हा त्याचीच मुलंबाळं उरतात. मामांनी तीन फवारण्यांत नेमकं हेच केलं: नकळत त्या एका अक्षरवाल्यांना अख्खी बाग मोकळी करून दिली.

ही परदेशातली गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या पलीकडच्या टोकाला मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, 1997 मध्ये सुरू झालेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांतल्या डाऊनीत स्ट्रोबिल्युरिनला दाद न देणारे नमुने नोंदवले आहेत. म्हणजे मामा एकटे नव्हते.

एका आचाऱ्याऐवजी दहा

मग तुम्ही म्हणाल, एकच अक्षर तपासायचं तर अख्खा जीनोम कशाला वाचायचा? छोटी चाचणी करा की. बरोबर आहे. ते एक अक्षर माहीत झाल्यावर छोटी चाचणी पुरते. पण ते शोधायचं कुठे हे आधी कळायला लागतं. आणि काही वेळा बदल अक्षरात नसतोच.

द्राक्षावरच्या भुरीचं उदाहरण घ्या. तिच्यावर आपण ट्रायझोल घराण्यातली औषधं मारतो: टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला एक स्निग्ध पदार्थ लागतो, तो बनवणाऱ्या विकराला हे औषध अडवतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या बागांतल्या भुरीचे जीनोम वाचून 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. काही नमुन्यांत त्या विकराचं जनुक एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. कुठे दोनदा, कुठे दहाहून अधिक वेळा. आणि प्रती जितक्या जास्त तितकी भुरी औषधाला कमी दाद देते.

लग्नाच्या मांडवात एक आचारी असेल तर त्याला उठवलं की जेवण बंद. दहा आचारी असतील तर दोघांना उठवून काय होणार? प्रत्येक आचारी दिसायला तसाच. फक्त एकाची ओळख तपासणाऱ्या चाचणीला दहाजण आहेत हे कळत नाही. त्यासाठी अख्खी भटारखान्याची यादी वाचावी लागते. ती यादी म्हणजे जीनोम.

या दोन गोष्टींतला फरक बागेत फार कामाचा आहे. पहिल्या प्रकारात औषध चालत होतं ते एकदम चालेनासं होतं. डोस वाढवून काहीही फरक पडत नाही, कारण खाचच बंद आहे. दुसऱ्या प्रकारात ताकद हळूहळू ओसरते. गेल्या वर्षी बारा दिवस राखायचं, यंदा आठच दिवस राखतंय, असं बागायतदार म्हणतात ते हे. तिथे डोस वाढवायचा मोह होतो. पण लेबलवरच्या डोसच्या वर गेलात तर फळात अंश राहतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते द्राक्षवाले अजून विसरलेले नाहीत.

केळीवाल्यांसाठी एक इशारा

फळबागांचा विषय निघालाय तर जळगावची आठवण हवीच. केळीवर फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळे मर रोग येतो, त्याला पनामा रोगही म्हणतात. पूर्वी जगभर ग्रो मिशेल नावाची केळी विकली जायची. या रोगाने तिचे मळे उद्ध्वस्त केले आणि मग कॅव्हेंडिश जात आली, जी त्या बुरशीला दाद देत नव्हती. जळगावची ग्रँड नैन कॅव्हेंडिश गटातलीच. आता त्याच बुरशीचा टीआर-4 नावाचा वाण कॅव्हेंडिशही मारतो. 2019 मध्ये कोलंबियात तो सापडला तेव्हा तिथे आणीबाणी जाहीर झाली. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात त्याची नोंद झाली आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली टीआर-4 आणि त्याचे जुने भाऊबंद सारखेच दिसतात. फरक जीनोममध्ये आहे. फक्त टीआर-4 मध्येच असणारे मजकुराचे तुकडे शोधून त्यावरून चाचण्या बनवल्या गेल्या. इथे औषध हा प्रश्नच नाही, कारण फवारून तो जात नाही आणि मातीत वर्षानुवर्षं राहतो. इथे प्रश्न आहे तो पहिल्याच झाडावर ओळखण्याचा. ओळखला तर तेवढा तुकडा वेगळा काढता येतो. नाही ओळखला तर ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या मातीतून, रोपांच्या कंदांतून तो पुढच्या गावी जातो. म्हणून बाहेरच्या राज्यातले कंद स्वस्तात मिळतात म्हणून आणू नका, एवढंच मी रावेर-यावलच्या श्रोत्यांना सांगेन.

मग आपण काय करायचं?

उद्या सकाळी कुणी बागायतदार आपल्या पानाचा जीनोम वाचून घेणार नाही, हे मलाही कळतं. आणि जीनोम वाचला म्हणून रोग जात नाही. पान ओलं राहिलं तर डाऊनी येणारच, फांद्यांची गर्दी झाली तर भुरी येणारच. पण शास्त्रज्ञांनी वाचलेल्या त्या मजकुरातून एक गोष्ट आपल्याला आज, फुकट मिळते. ती म्हणजे औषधाचा गट.

डब्यावरचं मोठं नाव विसरा. मागे घटकाचं नाव असतं, ते वाचा. प्रत्येक घटकाला जागतिक पातळीवर ठरलेला गट क्रमांक आहे. स्ट्रोबिल्युरिन सगळे 11 व्या गटात. ट्रायझोल 3 ऱ्या. डाऊनीवरचे डायमेथोमॉर्फ, मँडिप्रोपॅमिड 40 व्या. एकाच गटातली दोन औषधं म्हणजे दोन वेगळी औषधं नव्हेत, कारण ती रोगाच्या एकाच जागेवर घाव घालतात. त्या जागचं अक्षर बदललं की सगळा गट एकदम निकामी. म्हणून नाव नाही, गट बदलायचा.

आणि जुन्या औषधांना कमी लेखू नका. बोर्डो मिश्रणाची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं लोक तोडून न्यायचे, म्हणून बागायतदार त्यांवर मोरचूद आणि चुन्याचं हिरवट पाणी मारायचे, विष वाटावं म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की त्या वेलींवर डाऊनी नाही. 1885 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. चोरांसाठी मारलेलं औषध रोगावर लागू पडलं! आज 140 वर्षांनंतरही ते चालतं. कारण तांबं पेशीत एका खाचेत बसत नाही, अनेक ठिकाणी एकदम घाव घालतं. गंधक तसंच, मँकोझेब तसंच. एवढ्या सगळ्या जागची अक्षरं एकदम बदलणं बुरशीला जमत नाही. फक्त ही औषधं रोग येण्याआधी पानावर हवीत, आत शिरलेला रोग ती काढत नाहीत. आणि आपल्या पिकासाठी कोणतं औषध मंजूर आहे, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे बघूनच.

मामांनी पुढच्या हंगामापासून एक साधी गोष्ट सुरू केली. फवारणीच्या वहीत औषधाच्या नावापुढे एक रकाना वाढवला: गट. तो मामी भरतात. गेल्या छाटणीनंतर गेले होते तेव्हा मामा दुकानातून नवा डबा घेऊन आले. मामींनी चष्मा लावला, डबा उलटा केला, वही बघितली आणि म्हणाल्या, "परत द्या हा. अकराच आहे." मामा काही न बोलता गाडीला किक मारून परत गेले.

तर मंडळी, आज एवढंच. पॉलिहाउसवाल्या दादा, तुमचं उत्तर मिळालं असेल अशी आशा आहे. तुमच्या बागेत एखादं औषध एकदम चालेनासं झालं की हळूहळू ओसरलं, हे मला जरूर कळवा. घटकाचं नावही सांगा, कंपनीचं नको. पुढच्या भागात भेटू. तोवर डबा उलटा करून वाचायला विसरू नका.